महिला सभेतलं बोलणं ठरावापर्यंत कसं न्यायचं: पेसा गावांतल्या बायकांसाठी टप्प्याटप्प्यानं

चाळीस बायका सभेला आल्या. तासभर पाण्यावर बोलल्या. सरपंचांनी मान डोलावली, ग्रामसेवकांनी "लिहून घेतो" म्हटलं, सह्या-अंगठे झाले. तीन महिन्यांनी आम्ही प्रोसिडिंगची, म्हणजे सभेच्या नोंदवहीची, नक्कल काढली. त्यात लिहिलं होतं, "शासकीय योजनांची माहिती देण्यात आली. आभार मानून सभा संपली." पाण्याचं नावसुद्धा नव्हतं. खाली चाळीसच्या चाळीस सह्या मात्र होत्या.

असं मी एकाच गावात पाहिलेलं नाही. आदिवासी बायका बोलत नाहीत, त्यांना धीट करायला हवं, असं शिबिरांतून सारखं सांगितलं जातं. माझा अनुभव वेगळा आहे. बायका बोलतात, चांगलं बोलतात. ते बोलणं हरवतं तोंडापासून वहीपर्यंतच्या वाटेवर. म्हणून या लेखात भाषण कसं करायचं ते नाही. बोललेलं वहीत, वहीतलं आराखड्यात आणि आराखड्यातलं जमिनीवर कसं आणायचं, तेवढंच आहे. महाराष्ट्रातल्या अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे राज्यघटनेनुसार आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या आणि पेसा कायदा लागू असलेल्या गावांसाठी हे लिहिलंय. बचत गटाच्या ताई, पंचायतीच्या महिला सदस्य, वनहक्क समितीतल्या (वनजमिनीचे दावे तपासणाऱ्या गावच्या समितीतल्या) बायका आणि त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते, सगळ्यांना वापरता येईल.

टप्पा १: आपली ग्रामसभा नेमकी कोणती, हे आधी नक्की करा

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. एका ग्रामपंचायतीत चार-पाच पाडे असतात आणि सभा होते ती पंचायतीच्या इमारतीत, मोठ्या गावात. लांबच्या पाड्यावरच्या बायका डोक्यावरचं काम टाकून सहा किलोमीटर चालत येत नाहीत. मग त्यांच्या नावानं निर्णय दुसरेच घेतात.

पेसा कायदा १९९६ चा, अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना आपला कारभार चालवण्याचे अधिकार देणारा. त्याच्या कलम ४ मध्ये गाव म्हणजे वस्ती, वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथे लोक आपल्या रूढी-परंपरेनं स्वतःचा कारभार चालवतात. अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा असते. महाराष्ट्राचे पेसा नियम मार्च २०१४ मध्ये आले आणि त्यांत पाडा, टोला किंवा ढाणा वेगळं गाव म्हणून घोषित करून घेण्याची वाट दिलेली आहे. वस्तीतल्या मतदारांनी ठराव करायचा आणि तो उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा.

तर पहिलं काम: पंचायतीत जाऊन विचारा, "आमचा पाडा पेसा गाव म्हणून घोषित आहे का? असेल तर आमच्या ग्रामसभेची वेगळी वही कुठे आहे?" घोषित असूनही वहीच नसलेले पाडे मी पाहिलेत. वही नसेल तर ती उघडून घेणं हाच तुमचा पहिला विषय.

घोषित नसेल तर हातावर हात ठेवून बसू नका. पंचायतीच्या ग्रामसभेत जाऊन खालची सगळी पद्धत तशीच वापरता येते. फक्त बायकांना तिथपर्यंत न्यायची सोय आधी करावी लागते.

टप्पा २: पाड्यावरच्या बैठका, आणि एकच विषय

महिला सभेच्या (ग्रामसभेआधी फक्त बायकांची होणारी सभा) पंधरा-वीस दिवस आधी पाड्यापाड्यावर छोट्या बैठका घ्या. आठ-दहा बायका पुरेत. जागा त्यांची निवडा: हातपंपाजवळचा ओटा, अंगणवाडीची ओसरी, मोहाच्या झाडाखालची सावली. पंचायतीची खोली नको. आणि भाषा त्यांचीच. माडिया, गोंडी, कोरकू, पावरी, वारली, कातकरी, जी घरात बोलतात तीच. मराठीत बैठक सुरू केली की शाळा शिकलेल्या दोघीच बोलतात आणि बाकीच्या ऐकत बसतात. त्या दोघींचं म्हणणं मग सगळ्यांचं म्हणून लिहिलं जातं.

प्रश्न विचारताना "तुमच्या समस्या काय?" असं विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: रस्ता, पाणी, घरकुल. काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं, कुठे अडलं, असं विचारा. मग कळतं की रेशनच्या मशीनवर म्हातारीचा अंगठा उमटत नाही म्हणून ती तीनदा परत आली. अमृत आहाराचं जेवण अंगणवाडीत शिजतं, पण दोन किलोमीटरवर असलेल्या गरोदर बाईला रोज चालत जाऊन खायला परवडत नाही. नवऱ्याच्या नावावर वनपट्टा (कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा कागद) मिळाला, बायकोचं नाव सुटलं. हे विषय "समस्या" विचारून बाहेर येत नाहीत.

प्रत्येक बैठकीत निघालेले विषय कागदावर चित्रांनी मांडा आणि बायकांना मोहाच्या बिया ठेवून पसंती दाखवायला सांगा. जिथे बिया जास्त, तो विषय पुढे.

आता कठीण भाग. सगळ्या पाड्यांचे मिळून वीस विषय होतील आणि ते सगळेच खरे असतील. तरी एका सभेला एक मोठा विषय आणि फार तर दोन छोटे न्या. वीस मागण्यांची यादी दिली की तिच्यातली सगळ्यात सोपी मागणी पूर्ण होते, बहुधा दिव्याचा खांब, आणि यादीवर "कार्यवाही सुरू" असा शेरा पडतो. उरलेले विषय सोडून द्यायचे नाहीत. वहीत "पुढच्या सभेसाठी" म्हणून लिहून ठेवायचे, आणि ज्या पाड्याचा विषय मागे राहिला त्या बायकांना तोंडावर सांगायचं की तुमचा पुढच्या वेळी. हे न सांगितल्यामुळे त्या पुढच्या वेळी येत नाहीत.

*तपासा:* बैठकांमध्ये एकट्या बायका होत्या का? विधवा, सोडलेल्या, लग्न न झालेल्या, दुसऱ्या गावाहून आलेल्या सुना. नसतील तर त्यांच्या घरी जा. योजनेच्या कागदावर "कुटुंबप्रमुख" लिहिताना ज्यांची नावं सुटतात त्या याच.

*तपासा:* गावच्या जाणत्यांना, गायता-भूमका-कारभाऱ्यांना, विषय आधी सांगितला का? त्यांची परवानगी मागायची नाही, पण त्यांना सभेत पहिल्यांदा कळू द्यायचं नाही. आधी घरी जाऊन सांगितलेला माणूस विरोधात असला तरी भर सभेत तोडून बोलत नाही.

टप्पा ३: हा निर्णय आहे, शिफारस आहे की मागणी?

या टप्प्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक गावं हा टप्पा सोडूनच देतात.

आपण सगळं काही "विनंती अर्ज" म्हणून लिहितो. "मेहेरबान साहेबांस विनंती की..." पण पेसामध्ये काही गोष्टी ग्रामसभेनं मागायच्या नसतात, ठरवायच्या असतात. ज्याचा हक्क आपल्याकडे आहे ते विनंती म्हणून लिहिलं की आपणच तो हक्क समोरच्याच्या टेबलावर ठेवून येतो.

*निर्णय.* गावात होणारी विकासकामं, त्यांचे आराखडे यांना ग्रामसभेची मान्यता सुरुवातीआधीच लागते. योजनेचे लाभार्थी ग्रामसभा निवडते. पंचायतीनं केलेल्या खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच गेला असा दाखला, ग्रामसभेकडून घ्यावं लागतं. हे तिन्ही पेसाच्या कलम ४ मध्ये आहे. शिवाय गौण वनोपजाची (मोह, तेंदू अशा जंगलातल्या वस्तूंची) मालकी, मादक पदार्थांवर बंदी किंवा नियंत्रण, सावकारीवर नियंत्रण. इथे वाक्य असं लिहा: "ग्रामसभा असा निर्णय घेत आहे की..."

*शिफारस आणि सल्लामसलत.* भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी सल्लामसलत करणं बंधनकारक आहे. गौण खनिजाच्या (वाळू, मुरूम, दगड) परवान्यासाठी शिफारस लागते. इथे बायकांचं म्हणणं वेगळं नोंदवून घ्या: कोणता झरा जाईल, कोणती वाट बंद होईल, कुठला कंद कुठे मिळतो. नकाशावर हे नसतं.

*मागणी.* जे आपल्या हातात नाही ते. आरोग्य उपकेंद्रात परिचारिका, एसटीची फेरी, वसतिगृहाची जागा. इथे मागणी कोणाकडे, हे नेमकं लिहा. अंगणवाडी आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे. आश्रमशाळा आणि वसतिगृह एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडे. रेशन आणि जमिनीची नोंद तहसीलदारांकडे. वीस वर्षं चुकीच्या टेबलावर पडलेले अर्ज मी पाहिलेत. त्यांत मागणी अगदी रास्त होती.

पैसे कुठून, हेही याच टप्प्यावर बघा. आदिवासी उपयोजनेतला (राज्याच्या बजेटमधल्या आदिवासींसाठीच्या हिश्श्यातला) पाच टक्के अबंध निधी, म्हणजे एकाच योजनेला न बांधलेला पैसा, २१ एप्रिल २०१५ च्या शासन निर्णयापासून थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. तो पायाभूत सुविधा, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य-स्वच्छता-शिक्षण, आणि वन-जल संवर्धन व उपजीविका या कामांसाठी आहे. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. मागच्या वर्षी ते कशावर गेले, हे विचारायला महिला सभेइतकी चांगली जागा नाही.

टप्पा ४: दिवस आणि वेळ

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या नेहमीच्या तारखा. आता आपल्या बायकांचं वर्ष त्यांच्या शेजारी मांडून बघा. दिवाळीनंतर वीटभट्टीला, ऊसतोडीला, द्राक्षबागांना गेलेली घरं होळीशिवाय परतत नाहीत, म्हणून जानेवारीत अर्धा पाडा रिकामा असतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जायचं असतं. १ मेच्या सुमाराला तेंदूचा हंगाम. जुलैत लावणी. म्हणजे बायकांना खरोखर यायला जमतं ते ऑगस्टच्या मध्यापासून भातकापणीपर्यंत. मोठा विषय १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सभेला न्या. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडाही साधारण २ ऑक्टोबरपासून घडायला लागतो, त्यामुळे ते दुहेरी सोयीचं.

ग्रामपंचायत अधिनियमानुसार नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते आणि तिचं इतिवृत्त ग्रामसभेपुढे ठेवावं लागतं. ती त्याच सकाळी दहा वाजता उरकून अकराला ग्रामसभा लावली, तर काही उपयोग नाही. मध्ये किमान तीन-चार दिवस हवेत. तसं लेखी पत्र पंचायतीला द्या, पोहोच घ्या.

सूचना सात दिवस आधी निघायला हवी. नुसती फळ्यावर लावलेली सूचना पाड्यावर पोहोचत नाही. दवंडी कोण देणार, कोणत्या पाड्यावर, कोणत्या भाषेत, हे ठरवून घ्या आणि त्याच आठवड्याच्या गटाच्या बैठकीत पुन्हा सांगा.

*सावध:* अजेंड्यावर तुमचा विषय नाव घेऊन छापलेला हवा. "आयत्या वेळचे विषय" यात घेऊ म्हणाले तर मान्य करू नका. आयत्या वेळचा विषय सभेच्या शेवटी येतो, तेव्हा बायका चूल पेटवायला घरी गेलेल्या असतात.

टप्पा ५: ठराव घरून लिहून न्या

सभेत बोलायचं, मग ग्रामसेवक (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) लिहितील, असा आपला समज असतो. त्यांच्याकडे दहा विषय असतात, त्यांना घरी जायचं असतं, आणि आपल्या बोलण्यातलं त्यांना जेवढं महत्त्वाचं वाटतं तेवढं ते लिहितात. त्यात नेहमी खोटेपणा असतो असं नाही. पण "बायांनी पाण्याबद्दल तक्रार केली" एवढ्या वाक्यावर पाणी येत नाही.

म्हणून महिला सभेतच ठरावाचा मजकूर तयार करा. शाळेतली मुलगी, आशा ताई, कुणीही लिहू शकतं. आमच्याकडे एका पाड्यावर बायका सुरुवातीला म्हणत होत्या, "पाण्याचं काहीतरी बघा." मग एकेक विचारत गेलो. कोणत्या महिन्यात? पंप किती, कोणता आटतो? मग कुठून आणता? किती वेळ लागतो? काय करायला हवं? कोण सांगेल कुठे करायचं? एक आजी म्हणाल्या, झरा चैत्रातही आटत नाही, पण गुरं घाण करतात. अर्ध्या तासात वहीवर हा मजकूर उतरला:

"ठराव क्र. ... : आज दिनांक ... रोजी ... पाड्याच्या ग्रामसभेत असा निर्णय घेण्यात येत आहे की, मार्च ते जून या काळात पाड्यातील दोन्ही हातपंप आटत असून महिलांना दीड किलोमीटरवरील झऱ्यावरून पाणी आणावे लागते. सबब, सदर झऱ्यास संरक्षक बांधकाम करून तेथून पाड्यापर्यंत पाइपलाइन टाकण्याचे काम पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात पेसा अबंध निधीतून प्रथम प्राधान्याने घ्यावे. कामाची जागा महिला सभेने नेमलेल्या पाच महिलांनी दाखवावी. काम पूर्ण झाल्यावर ग्रामसभेने पाहणी केल्याशिवाय उपयोगिता प्रमाणपत्र देण्यात येऊ नये. सूचक: ... अनुमोदक: ... सर्वानुमते मंजूर."

यात काय काय आहे ते बघा. कोणता त्रास, कधी, कुठे. नेमकं काम. पैसा कुठला, कोणत्या वर्षाचा. जागा दाखवण्याचा हक्क कोणाचा. आणि शेवटचं वाक्य, जे बहुतेक जण विसरतात: पाहणीशिवाय प्रमाणपत्र नाही. झऱ्याऐवजी सरपंचांच्या शेतालगत टाकी बांधली गेली, तर अडवायला तेच एक वाक्य हातात असतं.

सूचक आणि अनुमोदक दोघी बायकाच ठेवा. नाव वहीत आलं की पुढे चौकशीला, पाहणीला, बैठकीला त्या नावानं बोलावणं येतं. मजकूर तयार झाला की तो घरच्या भाषेत मोठ्यानं वाचा आणि तिघींना आपल्या शब्दांत परत सांगायला लावा. सांगता आलं नाही तर मजकूर बदला.

*सावध:* महिला सभेच्या हजेरीपत्रकावर मजकूर लिहिण्याआधी कधीही सही किंवा अंगठा नको. वर जागा सोडून खाली सह्या घेतल्या जात असतील तर मध्ये रेघ मारा. सुरुवातीला सांगितलेल्या चाळीस सह्या अशाच कोऱ्या पानावरच्या होत्या.

टप्पा ६: ग्रामसभेच्या दिवशी

तिघींनी बोलायचं, आधी ठरवून. पहिली त्रास सांगेल, दुसरी ठराव वाचेल, तिसरी कुणी फाटा फोडला तर विषयावर परत आणेल. बाकीच्यांनी एकत्र आणि पुढे बसायचं. दाराशी, पाठीमागे, पदर सावरत बसलेल्या चाळीस बायका सभेला दिसतच नाहीत.

तिसरीचं काम सगळ्यात अवघड. "हे काम होईल ताई, आपण बघू" हे वाक्य हमखास येतं. तिनं शांतपणे एवढंच म्हणायचं, "दादा, ठराव वहीत लिहून घ्या, मग बघू." जितक्या वेळा ते टाळतील तितक्या वेळा हेच. आवाज चढवायची गरज नाही.

सरपंच ताई स्वतः असतील तर एक जास्तीचं काम. अनुसूचित क्षेत्रात सरपंचपद आदिवासींसाठीच राखीव आहे आणि राज्यात पंचायतींच्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यामुळे खुर्चीवर आदिवासी बाई बऱ्याच गावांत बसते. पण बोलतो तिचा नवरा किंवा दीर. तिला सभेत लाजवू नका. आदल्या संध्याकाळी दोघी-तिघी तिच्या घरी जा, ठराव वाचून दाखवा, "तू फक्त वाच, आम्ही सगळ्या आहोत" असं सांगा. मी पाहिलंय, समोर आपल्या बाया बसल्या आहेत हे दिसलं की आवाज आपोआप सुटतो.

दोन ठिकाणी गणित वेगळं

वनहक्काच्या सभेत कोरम, म्हणजे किमान हजेरीची अट, कडक आहे. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेचे किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. २४० सदस्य असतील तर १२० माणसं हवीत आणि १२० च आली तर त्यांत ४० बायका. ३५ आल्या तर त्या दिवशीचा दावा मंजुरीचा ठराव पुढे उपविभागीय समितीत उडू शकतो. नेहमीच्या सभेसारखं "तहकूब करू, मग कोरम लागत नाही" हे इथे गृहीत धरू नका. वनहक्क समिती दहा ते पंधरा जणांची असते आणि तिच्यातही एक तृतीयांश बायका लागतात. वैयक्तिक दाव्यात लग्न झालेल्यांचा पट्टा दोघांच्या नावानं संयुक्त असतो, वनहक्क कायद्याचं कलम ४ (४). दाव्याच्या कागदावर बायकोचं नाव आणि फोटो आहे का, हे महिला सभेत एकेक दावा उघडून तपासा. पट्टा छापून आल्यावर दुरुस्तीला वर्षं जातात.

दारूचं परवानाधारक दुकान बंद करायचं मतदान ही दुसरी जागा. २००८ च्या आदेशानुसार आडव्या बाटलीला (दुकान बंद करा या चिन्हाला) एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, आलेल्यांच्या निम्म्याहून जास्त नव्हेत. ३०० महिला मतदार असतील तर १५१ मतं हवीत. २०० आल्या आणि त्यातल्या १४० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी हरलात. म्हणून मतदानाची तारीख मागताना कामाला गेलेल्या बायका परत आल्यावरचीच मागा, आणि यादीतलं एकेक नाव घेऊन कोण कुठे आहे ते आधी लिहा.

टप्पा ७: वही बंद होण्याआधी

सभा संपली, चहा झाला, लोक उठले. हीच ती वेळ. दोघी तिथेच थांबा आणि ठराव वहीत उतरलेला स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर सोबत वाचणारी हवी. तपासायचं काय: ठराव क्रमांक पडला का, तुम्ही दिलेला मजकूर तसाच आहे का, "निर्णय" चं "विनंती" झालं नाही ना, सूचक-अनुमोदक बायकांची नावं आहेत का, आणि मजकुराखाली रिकामी जागा उरली नाही ना. मोबाइलवर पानाचा फोटो काढा. हरकत घेतली तर घेऊ दे. सभेची वही खासगी नसते.

"घरी जाऊन फेअर करतो" असं उत्तर आलं तर तिथेच बसा. तासभर लागेल. तो तास वाया जात नाही.

*तपासा:* आठ दिवसांत ठरावाची प्रमाणित नक्कल मागणारा अर्ज द्या. मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं शुल्क, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

टप्पा ८: साहेबांशी बोलणी

मागणीचा विषय असेल तर पुढे कचेरीत जावं लागतं. पाच जणी जा. ठरावाची नक्कल, दोन फोटो, आणि एका पानावर तीन ओळी. आत गेल्यावर बसा. उभ्यानं बोललं की दोन मिनिटांत बाहेर.

भाषेचं बोलून घेते. कुणी घरच्याच भाषेत नीट सांगू शकत असेल तर तिनं तसंच सांगावं आणि सोबतच्या मुलीनं मराठीत करावं. ती मुलगी आपल्या पाड्याची असावी. कार्यकर्त्यानं भाषांतर केलं की साहेब कार्यकर्त्याकडेच बघून बोलायला लागतात आणि बायका शेजारी बसून राहतात. माझ्याकडून हे सुरुवातीला कितीदा तरी झालं. आता मी आत जातच नाही, व्हरांड्यात थांबते.

तीनच प्रश्न धरून ठेवा: हे कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि लेखी कधी मिळेल. आश्वासन मिळालं की बाहेर येऊन तिथेच एक पत्र लिहा: "आज आपल्याशी झालेल्या चर्चेत आपण अमुक काम अमुक तारखेपर्यंत करण्याचे सांगितले. त्याची नोंद व्हावी." ते आवक कक्षात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्या. चर्चेला पुरावा नसतो, या पत्राला असतो. काम रखडलं तर जिल्हाधिकारी कचेरीत महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तिथे हीच शिक्क्याची प्रत उपयोगी पडते.

टप्पा ९: आराखडा आणि बिल, दोन्हीवर नजर

ठराव झाला म्हणजे काम आराखड्यात गेलं असं नाही. आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर चढतो, तो कुणालाही मोबाइलवर उघडता येतो. बारावी झालेली कुठलीही मुलगी दहा मिनिटांत दाखवेल. तुमचं काम त्यात आहे का, रक्कम किती, कोणत्या निधीतून, बघून घ्या. नसेल तर आराखडा अंतिम होण्याआधीच लेखी हरकत द्या.

वनहक्क दावा नाकारला गेला तर मुदत कडक असते. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा समितीकडे साठ दिवसांत जायचं. नाकारल्याचं लेखी कारण मागा. तोंडी "रिजेक्ट झालं" ऐकून परत येऊ नका, कारण साठ दिवस कधीपासून मोजायचे हेही मग ठरत नाही.

पुढच्या महिला सभेचा पहिला विषय नेहमी एकच: मागच्या ठरावाचं काय झालं. काम झालं असेल तर नेमलेल्या पाच जणींनी जाऊन पाहावं, पाइप किती लांबीचा टाकला ते पावलांनी मोजावं, झऱ्यावर गुरं चढतात का बघावं, आणि मगच उपयोगिता प्रमाणपत्राच्या ठरावाला हात वर करावा.

कागद कुठे ठेवायचे हा प्रश्न लहान वाटतो, पण बऱ्याच गावांचं काम त्यावर अडलंय. फाईल एका ताईच्या घरी असते. ती लग्न होऊन जाते किंवा भट्टीला जाते आणि पेटीला कुलूप. म्हणून प्रत्येक ठरावाची, पोहोचीची, पत्राची दोन प्रतींत फाईल करा. एक गटाच्या पेटीत, एक वेगळ्या पाड्यावरच्या बाईकडे. वर काळ्या पेनानं ठराव क्रमांक आणि साल लिहा आणि पावसाळ्याआधी दोन्ही फाईली प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आढ्याला टांगा. उंदीर आणि गळकं कौल यांनी आमचे दोन वर्षांचे कागद खाल्लेत.